घरातील खोली आणि पडद्यावरील खोली : त्रिमितीय अ‍ॅनिमेशन भयपटांच्या घरगुती दर्शनाचा अभ्यास

सारांश

त्रिमितीय भयपट म्हटला की पडद्याबाहेर झेपावणारा पंजा प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. हाच चित्रपट घरच्या पडद्यावर पाहिला असता तो पंजा प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे घरगुती त्रिमिती म्हणजे चित्रपटगृहातील अनुभवाची दुबळी नक्कल, असा समज रूढ झाला. प्रस्तुत लेखात या समजाची तपासणी केली आहे. पडद्याचा आकार बदलल्यावर खोलीचे आकारमान हरवते. मात्र एका दृश्यातील खोलीचे दुसऱ्या दृश्यातील खोलीशी असलेले प्रमाण टिकून राहते. ज्या अ‍ॅनिमेशनपटांनी हे प्रमाण कथनासाठी वापरले, त्यांची त्रिमिती घरातही अर्थपूर्ण ठरते. 'कोरलाइन' (२००९) या चित्रपटाच्या आधारे हे विवेचन केले असून, घरगुती साधने, बालप्रेक्षकांचे नेत्रस्वास्थ्य आणि या माध्यमाच्या जतनाचा प्रश्न यांचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : त्रिमितीय चित्रपट, अ‍ॅनिमेशन, भयपट, स्टॉप-मोशन, पराशय, घरगुती पडदा.

१. प्रस्तावना

मराठीत 'खोली' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक घरातील दालन आणि दुसरा विहिरीची, दरीची वा पाण्याची खोली. प्रस्तुत विषयात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. घरातील एका खोलीत बसून सपाट काचेच्या आत दुसरी खोली पाहणे, हे घरगुती त्रिमितीय दर्शनाचे थोडक्यात वर्णन होय.

भयपट आणि घर यांचा संबंधही जुना आहे. बंद दरवाजा, माळ्यावरचा अंधार, अर्धवट उघडे कपाट ही भयकथेची परिचित सामग्री आहे. अ‍ॅनिमेशन भयपटांमध्ये हा संबंध अधिकच ठळक दिसतो. गिल केनन दिग्दर्शित 'मॉन्स्टर हाउस' (२००६) या चित्रपटात घर हेच राक्षस आहे. हेन्री सेलिक दिग्दर्शित 'कोरलाइन'मध्ये भिंतीच्या कागदाआड दडलेले छोटे दार दुसऱ्या घरात उघडते. अशा कथा चित्रपटगृहाऐवजी स्वतःच्या घरात, रात्री दिवे मंद करून पाहिल्या जातात तेव्हा काय घडते, हा प्रश्न तंत्रज्ञानाप्रमाणेच आस्वादाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे.

२. त्रिमितीय दर्शनाचे तत्त्व

प्रौढ मनुष्याच्या दोन बाहुल्यांमधील अंतर सरासरी ६३ मिलिमीटर असते. या अंतरामुळे प्रत्येक डोळ्याला समोरील दृश्य किंचित वेगळ्या कोनातून दिसते. मेंदू या दोन प्रतिमांमधील फरकावरून वस्तूचे अंतर ठरवितो. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये आपल्या स्टिरिओस्कोप या उपकरणाच्या साहाय्याने हे तत्त्व प्रथम स्पष्टपणे मांडले. सपाट कागदावरील दोन चित्रे दोन डोळ्यांना वेगवेगळी दाखविल्यास त्यातून भरीव वस्तूचा भास होतो, हे त्याने सिद्ध केले.

पडद्यावरील चित्रपटासही हेच तत्त्व लागू पडते. एकाच वस्तूची डाव्या व उजव्या डोळ्यासाठीची प्रतिमा पडद्यावर एकमेकींपासून थोडी सरकवलेली असते. या सरकेला पराशय म्हणता येईल. दोन्ही प्रतिमा एकाच जागी असतील तर वस्तू नेमकी पडद्याच्या पातळीवर दिसते. डाव्या डोळ्याची प्रतिमा डावीकडे व उजव्याची उजवीकडे सरकलेली असल्यास वस्तू पडद्याच्या आत गेल्यासारखी भासते. याउलट प्रतिमांची अदलाबदल झाली, म्हणजे उजव्या डोळ्याची प्रतिमा डावीकडे आली, तर वस्तू पडद्याबाहेर प्रेक्षकाच्या दिशेने आलेली दिसते. त्रिमितीय चित्रपटाची सारी भाषा या तीन शक्यतांवर उभी आहे.

३. भयपट आणि त्रिमिती : संक्षिप्त पूर्वपीठिका

भयपट व त्रिमिती यांची सांगड १९५० च्या दशकात दृढ झाली. १९५२ च्या अखेरीस प्रदर्शित झालेल्या 'ब्वाना डेव्हिल'ने अमेरिकेत त्रिमितीची लाट आणली आणि १९५३ मध्ये 'हाउस ऑफ वॅक्स' हा गाजलेला भयपट आला. त्याचे दिग्दर्शक आंद्रे द टॉथ यांचा एक डोळा निकामी होता. त्यामुळे ज्या परिणामासाठी प्रेक्षक गर्दी करीत होते, तो स्वतः दिग्दर्शकास दिसत नव्हता. या चित्रपटातील एक माणूस दोरीला बांधलेला चेंडू फळीने टोलवीत थेट प्रेक्षकांवर भिरकावतो. कथेशी त्याचा फारसा संबंध नाही. मात्र 'पडद्याबाहेर काहीतरी फेकणे' हा त्रिमितीचा संकेत अशा प्रसंगांतून रूढ झाला.

भारतात १९८४ मध्ये 'माय डिअर कुट्टिचातन' हा मल्याळम चित्रपट पहिला त्रिमितीय भारतीय चित्रपट म्हणून आला. पुढे १९९८ मध्ये 'छोटा चेतन' या नावाने त्याची हिंदी आवृत्ती प्रदर्शित झाली आणि महाराष्ट्रातील एका पिढीने चष्मा लावून पडद्याकडे हात पुढे करण्याचा अनुभव तिच्यामुळे घेतला. मराठीत महेश कोठारे यांचा 'झपाटलेला २' (२०१३) हा पहिला त्रिमितीय चित्रपट ठरला. त्याचे केंद्र तात्या विंचू हा झपाटलेला बाहुला आहे, हे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. निर्जीव बाहुलीत जीव येणे ही भयकथेची जुनी कल्पना असून स्टॉप-मोशन अ‍ॅनिमेशनची तर ती कार्यपद्धतीच आहे.

४. अ‍ॅनिमेशनमध्ये त्रिमिती निर्माण करण्याच्या पद्धती

प्रत्यक्ष अभिनेत्यांच्या चित्रपटात दोन कॅमेरे एकाच वेळी चालवावे लागतात. अ‍ॅनिमेशनमध्ये दुसऱ्या डोळ्याची प्रतिमा मिळविण्याचे मार्ग वेगळे आहेत. ते मुख्यतः तीन होत.

पहिला मार्ग दोनदा टिपण्याचा. स्टॉप-मोशनमध्ये बाहुली प्रत्येक चौकटीसाठी स्थिर असते. त्यामुळे एकच कॅमेरा एक छायाचित्र घेऊन किंचित बाजूला सरकतो व दुसरे घेतो. 'कोरलाइन' याच पद्धतीने चित्रित झाला. येथे कॅमेरा किती सरकवावा हे बाहुलीच्या आकारावर अवलंबून असते. बाहुली सुमारे वीतभर उंचीची, म्हणजे खऱ्या मुलीच्या साधारण एक-षष्ठांश असेल, तर मानवी डोळ्यांतील ६३ मिलिमीटरच्या जागी जवळपास १० मिलिमीटर सरकही पुरेशी ठरते.

दुसरा मार्ग संगणकीय अ‍ॅनिमेशनचा. 'मॉन्स्टर हाउस'सारख्या चित्रपटात संपूर्ण जग संगणकात घडविलेले असते. दुसऱ्या आभासी कॅमेऱ्यातून तेच जग पुन्हा रेखून घेतले की दुसऱ्या डोळ्याची प्रतिमा मिळते.

तिसरा मार्ग रूपांतराचा. एकाच डोळ्यासाठी टिपलेल्या चित्रपटातून संगणकाच्या साहाय्याने दुसरी प्रतिमा घडविली जाते. १९९३ च्या 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' या सेलिक यांच्याच चित्रपटाचे असे रूपांतर होऊन तो २००६ मध्ये त्रिमितीत पुन्हा प्रदर्शित झाला. टिम बर्टन यांचा कृष्णधवल 'फ्रँकनविनी' (२०१२) हाही सपाट टिपून नंतर रूपांतरित केलेला चित्रपट होय. त्याच्या प्रारंभी व्हिक्टर नावाचा मुलगा स्वतः तयार केलेला त्रिमितीय राक्षसपट घरातील दिवाणखान्यात आई-वडिलांना चष्मे लावून दाखवितो. घरगुती त्रिमितीय भयपटाचे हे चित्रण प्रेक्षकांना आपलेच प्रतिबिंब वाटावे असे आहे.

पहिल्या दोन पद्धतींचे वैशिष्ट्य असे की, खोली किती असावी हे प्रत्येक दृश्यासाठी, प्रसंगी प्रत्येक चौकटीसाठी, निर्मात्यांना स्वतंत्रपणे ठरविता येते. चित्रपटातील संगीत जसे प्रसंगानुसार चढते-उतरते तशी खोलीही चढविता-उतरविता येते. हे स्वातंत्र्य अ‍ॅनिमेशनला जितके सहज मिळते तितके प्रत्यक्ष चित्रीकरणाला मिळत नाही.

५. 'कोरलाइन' : खोलीतून कथन

नील गेमन यांच्या २००२ मधील कादंबरीवर आधारित 'कोरलाइन' हा लायका या संस्थेने निर्मिलेला चित्रपट फेब्रुवारी २००९ मध्ये प्रदर्शित झाला. नव्या घरी राहावयास आलेल्या कोरलाइनकडे लक्ष देण्यास कामात बुडालेल्या आई-वडिलांना सवड नसते. एका छोट्या दारामागे तिला दुसरे घर सापडते. तेथे प्रेमळ 'दुसरी आई' आहे, सुग्रास जेवण आहे, रंग आहेत. मात्र तेथील सर्वांच्या डोळ्यांच्या जागी काळी बटणे आहेत. तेथे कायमचे राहावयाचे तर कोरलाइननेही आपल्या डोळ्यांवर बटणे शिवून घ्यावीत, ही अट आहे.

डोळे गमावण्याच्या भीतीवर उभी असलेली ही कथा दोन डोळ्यांनी पाहण्याच्या तंत्रात सांगितली गेली, यात औचित्य आहे. सेलिक व छायाचित्रकार पीट कोझाचिक यांनी दोन घरांमधील फरक रंगाबरोबर खोलीतूनही दाखविला. वास्तव घरातील दालने मुद्दाम उथळ बांधली गेली. जमीन चढती ठेवून आणि यथादर्शन ताणून ती एका डोळ्याला नेहमीसारखी वाटतील अशी योजना केली. दुसऱ्या घरातील तीच दालने प्रत्यक्षात अधिक खोल बांधली. परिणामी सपाट पडद्यावर दोन्ही स्वयंपाकघरांची मांडणी जवळपास सारखी दिसते, तर त्रिमितीत पहिले कोंदट आणि दुसरे ऐसपैस वाटते. कोरलाइनला ते दुसरे घर का हवेसे वाटते, हे प्रेक्षकाला कोणी सांगावे लागत नाही. त्याच्या डोळ्यांना ते आधीच जाणवलेले असते.

याच मोकळेपणाचे पुढे भयात रूपांतर होते. ज्या खोलीने मन मोहविले तीच खोली कथेच्या उत्तरार्धात ताणली जाते, विरूप होते. सुरुवातीस उजळ दिसणारे बोगद्यासारखे प्रवेशद्वार नंतर जुनाट व जाळ्यांनी भरलेले दिसते. कोरलाइन घरापासून दूर चालू लागते तेव्हा झाडे विरळ होत जाऊन शेवटी केवळ पांढरी पोकळी उरते आणि चालत राहूनही ती पुन्हा त्याच घरासमोर येते. ज्या जगाला एवढी खोली आहे असे वाटले त्याला मुळात पल्लाच नाही, हा शोध येथे खोलीच्या अभावातून व्यक्त होतो.

पडद्याबाहेर येणाऱ्या वस्तूंचा वापर या चित्रपटात तुलनेने मोजका आहे. शीर्षकदृश्यात बाहुली शिवणारी सुई कापडातून आरपार निघून प्रेक्षकाच्या दिशेने येते, हे त्याचे लक्षात राहणारे उदाहरण. तेथेही सुईचा रोख कथेच्या मूळ भयाकडे, म्हणजे डोळ्यांकडेच आहे.

६. चित्रपटगृहातून घरात : मोजमापाचा प्रश्न

घरगुती पडद्यावर नेमके काय बदलते हे साध्या भूमितीने दाखविता येते. चित्रपटगृहातील पडदा १२ मीटर रुंद असून प्रेक्षक १२ मीटर अंतरावर बसला आहे, असे मानू. दूरवरच्या टेकडीसाठी पडद्याच्या रुंदीच्या अर्धा टक्का, म्हणजे ६० मिलिमीटर पराशय ठेवला, तर ६३ मिलिमीटर नेत्रांतराच्या प्रेक्षकाला ती टेकडी सुमारे २५० मीटर दूर भासते. आता हेच दृश्य ४० इंची दूरचित्रवाणी संचावर अडीच मीटर अंतरावरून पाहिले तर काय होईल? संचाची रुंदी सुमारे ८८ सेंटिमीटर असल्याने पराशय ४.४ मिलिमीटर इतकाच उरतो आणि टेकडी काचेमागे केवळ १९ सेंटिमीटरवर येऊन थांबते.

बाहेर येणाऱ्या वस्तूंचीही हीच गत होते. रुंदीच्या एक टक्का उलट पराशय असलेला पंजा चित्रपटगृहात पडद्यापासून जवळपास आठ मीटर पुढे, प्रेक्षकापासून चार मीटरवर येतो. घरी तोच पंजा काचेपुढे ३१ सेंटिमीटर येऊन थबकतो. प्रेक्षकापासून तो अद्याप दोन मीटरहून अधिक दूर असतो. झेपेवर विसंबलेला भयपट घरात का फसतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

तथापि याच गणिताची दुसरी बाजू दुर्लक्षून चालणार नाही. मानवी दृष्टी खोलीतील फरक ओळखण्यात अतिशय तरबेज असते. निरोगी डोळ्यांना २० ते ३० विकला एवढ्या सूक्ष्म कोनाचा फरकही अनुकूल परिस्थितीत कळतो. अडीच मीटरवरून ४.४ मिलिमीटरचा पराशय सुमारे ३६० विकलांचा कोन करतो. म्हणजेच काचेमागील त्या १९ सेंटिमीटरच्या अवकाशातही खोलीच्या अनेक पायऱ्या डोळ्यांना वेगळ्या ओळखता येतात. कोंदट स्वयंपाकघर आणि ऐसपैस स्वयंपाकघर यांतील फरक घरीही जाणवतो. आकारमान हरवले तरी प्रमाण शाबूत राहते.

स्टॉप-मोशनच्या बाबतीत या लहान होण्याचा एक अनपेक्षित लाभही होतो. प्रत्यक्ष अभिनेत्यांचा त्रिमितीय चित्रपट लहान पडद्यावर खेळण्यातील माणसांसारखा दिसू लागतो आणि हा दोष मानला जातो. बाहुलीपटातील पात्रे मुळात बाहुल्याच असतात. घरच्या संचावर त्या जवळजवळ आपल्या खऱ्या आकारात, अर्ध्या मीटर खोलीच्या पेटीत वावरताना दिसतात. कापडाचा पोत, विणलेल्या स्वेटरचे टाके, बटणांची चकाकी हाताच्या अंतरावर असल्यासारखी वाटते. दूरचित्रवाणीची चौकट अशा वेळी बाहुल्यांच्या छोट्या रंगमंचाचे रूप घेते. कोरलाइनच्या भिंतीतील छोट्या दाराशी तिचे साम्य सहज लक्षात यावे असे आहे.

७. घरगुती साधने आणि त्यांच्या मर्यादा

७.१ पूरक रंगांचा चष्मा : विल्हेल्म रोलमान याने १८५३ मध्ये दाखविलेले हे तंत्र सर्वांत स्वस्त आहे. दोन प्रतिमा दोन पूरक रंगांत छापून तशाच रंगांच्या काचांतून पाहिल्या जातात. २००९ च्या जुलैमध्ये अमेरिकेत 'कोरलाइन'च्या घरगुती तबकड्या आल्या त्या हिरव्या-किरमिजी चष्म्यांसह. कोणत्याही साध्या संचावर चालणे हा त्यांचा गुण. परंतु ज्या चित्रपटात करडे जग आणि रंगीत जग यांतील विरोध कथेचा आधार आहे, त्याचे रंग या चष्म्यातून बिघडतात. खोली मिळविण्यासाठी रंग गमवावे लागतात.

७.२ झडपेचा चष्मा : २००९ च्या अखेरीस त्रिमितीय ब्लू-रे तबकडीचे मानक निश्चित झाले आणि २०१० पासून त्रिमितीय संच बाजारात आले. या पद्धतीत संच डाव्या व उजव्या डोळ्याची चित्रे आळीपाळीने दाखवितो आणि चष्म्याच्या द्रवस्फटिकी काचा त्याच लयीत उघडझाप करतात. प्रत्येक डोळ्याला पूर्ण स्पष्टतेचे चित्र मिळते. मात्र प्रत्येक काच निम्म्याहून अधिक काळ बंद असल्याने प्रकाश बराच घटतो. मुळातच काळोखी असलेल्या भयपटात ही घट विशेष जाणवते.

७.३ ध्रुवित प्रकाशाचा चष्मा : येथे पडद्यावरील एक सोडून एक ओळी वेगवेगळ्या डोळ्यांसाठी राखलेल्या असतात. १०८० ओळींच्या संचावर प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला ५४० ओळी येतात. चष्मा हलका व स्वस्त असतो आणि डोळ्यांना लुकलुक जाणवत नाही. मात्र संचाकडे फार खालून वा वरून पाहिल्यास दोन्ही प्रतिमा एकमेकींत मिसळतात. संच भिंतीवर उंच टांगलेला आणि मुले खाली सतरंजीवर बसलेली, ही आपल्याकडील नेहमीची मांडणी या साधनास प्रतिकूल ठरते.

एका डोळ्याची प्रतिमा दुसऱ्याला अंधुकपणे दिसणे, या दोषाला तंत्रज्ञ 'भूत' म्हणूनच ओळखतात. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा हात, अंधारात पेटती मेणबत्ती अशा तीव्र विरोधाच्या दृश्यांत हे भूत सर्वाधिक ठळक दिसते आणि भयपटात अशीच दृश्ये अधिक असतात. त्यामुळे संच निवडताना वा मांडताना भयपटातील एखादे काळोखे दृश्य लावून पाहणे, ही उत्तम कसोटी ठरते.

बसण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. त्रिमितीय प्रतिमांतील सरक आडवी असते. प्रेक्षक सोफ्यावर कुशीवर आडवा झाला की त्याचे डोळे एकाखाली एक येतात. मेंदूला आवश्यक असलेला आडवा फरक मिळेनासा होतो आणि चित्र दुभंगते. लोळत पाहण्याची घरातील मुभा या प्रकारात उपयोगाची नाही.

८. बालप्रेक्षक : डोळे आणि भय

अ‍ॅनिमेशन भयपटांचा मोठा प्रेक्षकवर्ग मुलांचा असल्याने नेत्रस्वास्थ्याचा प्रश्न टाळता येत नाही. नेहमीच्या पाहण्यात डोळे ज्या अंतरावर वळतात त्याच अंतरावर त्यांचे भिंग केंद्रित होते. त्रिमितीय पडद्यासमोर या दोन क्रियांची फारकत होते. डोळे पंजाकडे वळतात, पण भिंगाला पडद्यावरच केंद्रित राहावे लागते. या विसंगतीमुळे थकवा व अस्वस्थता येते, हे अमेरिकेतील मार्टिन बँक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसून आले. फ्रान्समधील अन्न, पर्यावरण व व्यावसायिक आरोग्य सुरक्षा संस्थेने २०१४ मध्ये सहा वर्षांखालील मुलांना त्रिमितीय दृश्ये दाखवू नयेत आणि तेरा वर्षांखालील मुलांनी ती बेताने पाहावीत, अशी शिफारस केली.

मुलांच्या दोन डोळ्यांमधील अंतर प्रौढांपेक्षा कमी असते. चित्रपटगृहातील ६० मिलिमीटर पराशय ५२ मिलिमीटर नेत्रांतराच्या मुलासाठी नैसर्गिक मर्यादेपलीकडे जातो, कारण त्याचे डोळे किंचित बाहेरच्या दिशेने वळवावे लागतात. घरच्या पडद्यावरील काही मिलिमीटरच्या पराशयात ही अडचण उद्भवत नाही. त्रिमितीचा जो दुबळेपणा प्रौढाला खटकतो, तोच मुलाच्या डोळ्यांना काहीसा सोयीचा ठरतो.

आणखी एक बाब पालकांनी ध्यानात घ्यावी. चष्मा लावूनही एखाद्या मुलाला खोली मुळीच जाणवत नसेल, चित्र सतत दुहेरी दिसत असेल किंवा डोके लवकर दुखत असेल, तर 'याला चित्रपट आवडला नाही' असे म्हणून सोडून देऊ नये. तिरळेपणा किंवा एका डोळ्याची मंददृष्टी यांसारखे दोष त्यामागे असू शकतात. शंभरातील दोन-तीन मुलांमध्ये मंददृष्टी आढळते आणि लहान वयात सुरू झालेला उपचार अधिक गुणकारी ठरतो. अशा मुलास नेत्रतज्ज्ञाकडे नेणे हाच योग्य मार्ग होय.

भयाच्या मानसिक बाजूसही घराचे स्वतःचे नियम आहेत. चित्रपटगृहातील अंधार सामुदायिक असतो. शेजारचा हसला की भय हलके होते आणि खेळ संपल्यावर प्रेक्षक उजेडात बाहेर पडतो. घरी पाहिलेल्या भयपटानंतर त्याच घरात झोपावे लागते. दाराआड दुसरे घर असल्याची कथा पाहून मुलाला आपल्याच कपाटाकडे पाहवेनासे होणे स्वाभाविक आहे. याउलट, भयावर ताबा ठेवण्याची साधनेही घरातच उपलब्ध असतात. चित्रपट थांबविता येतो, दिवा लावता येतो, आईचा हात धरता येतो. शिवाय त्रिमितीत एक खास सोय आहे : एक डोळा मिटला की खोली तत्काळ निम्म्याहून अधिक मावळते आणि पडदा पुन्हा पडदा होतो. हे मुलाला आधी सांगून ठेवल्यास भयाचा दोर त्याच्या हाती राहतो.

९. माध्यमाचे भवितव्य आणि जतनाचा प्रश्न

घरगुती त्रिमितीचा बहर अल्पकाळ टिकला. २०१६ मध्ये सॅमसंगने आणि २०१७ मध्ये एलजी व सोनी यांनी नव्या संचांतून ही सोय काढून टाकली. चष्म्यांची अडचण, कमी प्रकाश, तबकड्यांची किंमत ही कारणे होतीच. शिवाय 'घरी ती मजा नाही' हा समजही होता. जुने संच, त्रिमितीची सोय असलेले प्रक्षेपक आणि डोक्यावर धारण करावयाची दर्शनयंत्रे एवढेच मार्ग उरले. यांपैकी प्रक्षेपकावर १०० इंची पडद्याची रुंदी सुमारे २२१ सेंटिमीटर होते आणि तीन मीटरवरून पाहता पूर्वोक्त टेकडी पडद्यामागे ६० सेंटिमीटरहून अधिक दूर जाते. दर्शनयंत्रांत प्रत्येक डोळ्यासमोर स्वतंत्र चित्र असल्याने प्रतिमा मिसळण्याचे 'भूत' नाहीसे होते व आभासी पडदा हवा तेवढा मोठा करता येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या अ‍ॅपलच्या दर्शनयंत्रावर त्रिमितीय चित्रपट पाहण्याची सोय देण्यात आली. मात्र त्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे आणि एका यंत्रातून एकालाच दिसते. कुटुंबाने एकत्र बसून भिण्याचा अनुभव त्यात उरत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये 'कोरलाइन' पंधराव्या वर्षपूर्तीनिमित्त चित्रपटगृहांत त्रिमितीतही पुन्हा प्रदर्शित झाला. तथापि असे प्रसंग विरळ असतात. एरवी हा चित्रपट बहुतेक प्रेक्षकांना सपाट रूपातच पाहावा लागतो. त्यांना दोन्ही स्वयंपाकघरे दिसतात, रंगांतील फरकही दिसतो. एक दालन उथळ व दुसरे खोल बांधण्यामागील कष्ट मात्र दिसत नाहीत. रंगीत चित्रपटाची केवळ कृष्णधवल प्रत उपलब्ध राहावी, तसा हा प्रकार आहे. चित्रपटांचे जतन करणाऱ्या संस्था व ग्रंथालयांनी त्रिमितीय प्रतींबरोबर त्या दाखविणारी साधनेही चालू स्थितीत ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे. साधनाविना तबकडीतील दुसरा डोळा मिटलेलाच राहतो.

१०. निष्कर्ष

१. घरगुती पडद्यावर त्रिमितीचे आकारमान मोठ्या प्रमाणात घटते. अथांगता व झेप हे दोन्ही परिणाम काही सेंटिमीटरांत येऊन थांबतात.

२. दोन दृश्यांतील खोलीचे परस्पर प्रमाण मात्र टिकून राहते आणि निरोगी दृष्टीस ते ओळखता येते. म्हणून झेपेवर आधारित भयपटांपेक्षा खोलीतून कथन करणारे भयपट घरात अधिक परिणामकारक ठरतात.

३. प्रत्येक दृश्याची खोली स्वतंत्रपणे ठरविण्याचे स्वातंत्र्य अ‍ॅनिमेशनला असल्याने असे कथन त्यात विशेष साधते. स्टॉप-मोशन बाहुलीपटांना लहान पडदा अनुकूलही ठरू शकतो.

४. साधनाची निवड, संचाची उंची, बसण्याची पद्धत व खोलीतील प्रकाश यांवर अनुभवाची गुणवत्ता अवलंबून असते. काळोखी दृश्ये ही साधनाची खरी परीक्षा होय.

५. सहा वर्षांखालील मुलांना त्रिमितीय दृश्ये दाखवू नयेत. मोठ्या मुलांना खोली न जाणवणे हे नेत्रदोषाचे लक्षण असू शकते, याचे भान पालकांनी ठेवावे.

६. संचांचे उत्पादन थांबल्यामुळे या चित्रपटांतील कथनाचा एक स्तर सामान्य प्रेक्षकाला दुर्लभ झाला आहे. त्याचे जतन हा चित्रपट-वारशाच्या जतनाचाच भाग मानला जावा.

घरगुती त्रिमितीची तुलना आजवर चित्रपटगृहाशी झाली आणि त्या तुलनेत ती हरली. काचेपलीकडील त्या वीतभर जागेत एखादी कथा किती मावते, या निकषावर तिचे मोल ठरविले, तर 'कोरलाइन'सारख्या चित्रपटांनी घराच्या भिंतीत उघडलेले ते छोटे दार बंद होऊ देणे ही कलेची आणि प्रेक्षकाची, दोघांचीही हानी ठरेल.